प्रयोगशाळेचा चार्ज

शुभदा टिपणीसचा विषय निघाला की मी आधी एक मोठा सुस्कारा सोडते आणि मग आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या मोहनरावांना दोन शब्द सुनावते. ते समोर नसले तरी सुनावते. त्यांनी वाईट केलं असंही नाही हो, उलट चांगलंच करायला गेले. त्याचाच तर संताप येतो.

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आमची क्वार्टर्स समोरासमोर आहेत. तिचा नवरा सतीश आणि माझे मिस्टर एकाच ऑफिसात, मी आलमबागच्या बँकेत. शुभदा आलमबागच्याच बस अड्ड्यामागच्या गल्लीत, मुलींच्या शाळेत सायन्स शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही, तशा शाळा लखनौत पुष्कळ आहेत. ती मूळची अकोल्याची, मी सांगलीची. इथे आलो तेव्हा दोघींचं मराठी वेगवेगळं होतं, आता दोघींचंही सारखंच बिघडलंय. भांडतानासुद्धा आम्ही 'अगं यार' म्हणून सुरुवात करतो.

बाई दिसायला एवढीशी. चालते मात्र अशी, की सोबतच्या माणसाला धाप लागावी. साडीला चार पिना, खांद्याला पिशवी, आणि खडूच्या धुळीनं कायमचा बसलेला आवाज. खोटं बोलता येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दुर्गुण. 'डोकं दुखतंय म्हणून आले नाही' एवढंसुद्धा तिला धड सांगता येत नाही, लगेच तोंड पडतं. अशा बाईनं सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेत नोकरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण तिथली एक रीत आहे. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी चार्जमध्ये असते. ज्याच्या चार्जमध्ये, त्याच्या गळ्यात. फुटलं, हरवलं, उंदरांनी खाल्लं, काही झालं तरी जबाब त्यानं द्यायचा. तो देऊन झाल्याशिवाय रिटायर झाल्यावर पेन्शनची फाईल हलत नाही. शुभदाच्या आधी निगम मॅडम होत्या. त्या रिटायर झाल्या आणि चार्ज कुणाला न देताच मुलाकडे गोरखपूरला निघून गेल्या. त्यांची फाईल अजून अडकली आहे म्हणे. त्यांचे हाल बघून दुसऱ्या कुणी चार्ज घेतलाच नाही. प्रयोगशाळेच्या दोन्ही कपाटांना कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाख. काचेतून आत बघितलं तर नुसती धूळ दिसायची.

आता गंमत बघा. कागदावर शाळेत सगळं सामान आहे, म्हणून नवीन मिळत नाही. आणि जे आहे ते कुलपात आहे, म्हणून जुनंही मिळत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं, "शुभदा, हे ज्यानं शोधून काढलं त्याला एकदा मला भेटव." ती हसली नाही. तिनं वर्षानुवर्षं फळ्यावर चित्रं काढून सायन्स शिकवलं. चित्रं काय सुंदर काढायची! बीकरच्या काचेवर खडूनं उजेडसुद्धा दाखवायची.

एका संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी म्हटलं काय झालं, सतीशशी भांडलीस का? तर म्हणाली, "आज एका मुलीनं विचारलं, मैम, टेस्ट ट्यूब कितनी बड़ी होती है? बाल्टी जितनी?"

मला हसू आलं. तिचे डोळे भरले होते, तेव्हा गिळलं.

"मी रोज फळाभर चित्र काढते ना, विनीता. तिला वाटलं ती तेवढीच असते. नववीतली पोरगी गं! पुढच्या वर्षी बोर्डाला बसेल. हुशार आहे. आणि तिनं आयुष्यात परीक्षानळी हातात धरलेली नाही. मी रिटायर व्हायच्या आत या मुलींच्या हातात सगळं पडलं पाहिजे. नुसतं दाखवायचं नाही, हातात पडलं पाहिजे."

ती पोरगी म्हणजे शगुफ्ता. वडील बस अड्ड्याजवळ गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. तिचं नाव पुढे इतक्या वेळा ऐकलं, की मला ती माझीच भाची वाटायला लागली.

झालं! त्या दिवसापासून माझी स्कूटी आणि माझे सुट्टीचे शनिवार शुभदाच्या नावावर गेले. मी पुढे, ती मागे, मध्ये पिशवी. चष्म्याच्या दुकानात जुनी भिंगं मागितली तर दुकानदार तिचे डोळे तपासायला निघाला. स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडून चुंबकं आणली. औषधाच्या दुकानातून रिकाम्या छोट्या बाटल्या, मिठाईवाल्याकडून बरण्या. कॉलनीतल्या सगळ्या जास्वंदी तिनं बोडक्या केल्या, कारण त्या फुलांच्या पाण्यात लिंबू पिळलं की रंग बदलतो. पानवाल्याकडे पान न घेता नुसता चुना मागितला, तोही डबीभर. तो घाबरला बिचारा. "मैडम, इतना चूना मुँह फाड़ देगा," म्हणाला. शुभदा त्याला तिथेच चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती कशी दुधाळ होते ते समजावायला लागली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी तिला अक्षरशः दंडाला धरून ओढून आणलं.

मायक्रोस्कोप मात्र अशा दुकानांत मिळत नाही. तो डॉक्टर हर्षवर्धन यांनी दिला. हे आमच्या मंडळातले, एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, राहायला अमौसीकडे. संस्थेतलं काही देता येत नाही, म्हणाले, पण त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाच्या वेळचा एक माळ्यावर होता. पितळेचा, जड, जुना. शुभदा तो मांडीवर घेऊन स्कूटीवर बसली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. एरवी तिचं तोंड सिग्नललासुद्धा बंद नसतं.

दोन मोठे झोळे झाले. रोज सकाळी ते घरून निघायचे आणि संध्याकाळी घरी परत यायचे. शाळेत एक बाटलीसुद्धा ठेवायची नाही, हा तिचा नियम होता. शाळेत राहिलं ते शाळेचं झालं, आणि शाळेचं झालं की त्याला चार्ज आला. इतकी शहाणी होती हो ती तेव्हा!

मी एकदा सुट्टी काढून तिचा वर्ग बघायला गेले. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला होता आणि मुली रांगेत एकमेकींना ढकलत होत्या. शगुफ्ता वाकली, एक डोळा मिटला, आणि ओरडली, "मैम, ईंटें! प्याज में ईंटें चुनी हुई हैं!" त्या विटा बघायला सगळा वर्ग मायक्रोस्कोपवर तुटून पडला. कुणाच्या तरी कोपरानं एक बाटली पडून फुटली. शुभदानं पायानं काच बाजूला सारली आणि म्हणाली, "चलो, अगली!" मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला, की घरी येऊन मी उगाच श्रीखंड केलं.

मग आला गणेशोत्सव.

मराठी माणसाला कुणी चांगलं काम करताना दिसलं, की त्याच्या अंगावर शाल घातल्याशिवाय चैन पडत नाही. लखनौत आल्यावर तर हे दुखणं जास्तच वाढतं. मोहनराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष, बँकेतूनच रिटायर झालेले, माणूस सोन्यासारखा. त्यांनी ठरवलं, टिपणीस वहिनींचा सत्कार करायचा. मंडळानं खऱ्या परीक्षानळ्या, बीकर, स्पिरिटचे दिवे, काचपट्ट्या अशी खोकी आणली. शाळेच्या प्रिन्सिपल सक्सेना मॅडमना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. आणि वहिनींचं काम लोकांना दिसावं म्हणून झोळ्यांतलं सगळं सामानही मांडवात टेबलावर मांडायला सांगितलं. शुभदानं हौसेनं मांडलं. मायक्रोस्कोप मधोमध, समोर गणपती.

शाल झाली, श्रीफळ झालं. मग मोहनरावांच्या हातात माईक आला. त्यांना माईक मिळाला की भरून येतं. "वहिनींनी जमवलेलं आणि मंडळानं आणलेलं हे सगळं साहित्य," त्यांचा आवाज कापायला लागला, "आज गणरायाच्या साक्षीनं आपण शाळेला अर्पण करत आहोत!"

टाळ्या! काय त्या टाळ्या! शुभदानं माझ्याकडे बघितलं. मी पहिल्या रांगेतून हातवारे केले, सांग, सांग, ते माझं आहे म्हणून सांग. अंगावर शाल, हातात नारळ, आणि अशा वेळी बाईनं म्हणायचं, की या बाटल्या परत द्या? सक्सेना मॅडम उठल्या, त्यांचेही डोळे ओले झाले होते. त्यांनी मायक्रोस्कोपला हात लावून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी शाळेचा टेम्पो येऊन सगळं घेऊन गेला, झोळ्यांसकट.

शुभदा शाळेत गेली तेव्हा सामान प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेला कुलूप. सक्सेना मॅडमनी चहा मागवला. बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, आता ही शाळेची मालमत्ता, कुणीतरी चार्ज घ्यायला हवा. शुभदा म्हणाली, या सामानाचा मी घेते, आत्ता घेते. तर त्या म्हणाल्या, "मैडम, लैब का चार्ज एक ही होता है. नया-पुराना अलग नहीं होगा. लेना है तो पूरा लीजिए."

पूरा म्हणजे निगम मॅडमची दोन्ही कपाटं. आत काय आहे आणि काय नुसतं कागदावर आहे, हे कुणालाच माहीत नाही. सही केली की जे नाही तेही शुभदानं हरवलं असं धरणार. आणि रिटायरमेंट दाराशी आलेली! सतीशही तिच्या मागोमाग रिटायर होणार, मग क्वार्टर सोडायचं आणि अकोल्याला परत जायचं, असं दोघांचं कधीचं ठरलेलं. अकोल्याच्या घराला रंगसुद्धा देऊन झाला होता.

"मोहनरावांना सांग, परत मागून घ्या म्हणून," मी म्हटलं. तिला धीर होईना, म्हणून मीच फोन केला. ते हबकलेच. "विनीताताई, गणपतीसमोर दिलेलं परत मागायचं?" म्हणाले. मी म्हटलं, गणपतीला काय कळत नाही का? बरं, हर्षवर्धननी त्यांचा मायक्रोस्कोप मागावा, तर ते त्या दिवशी मांडवात उभं राहून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. आमच्यातल्या एकाचीही हिंमत झाली नाही. रागवायचं तरी कुणावर?

मग मी म्हटलं, मरू दे, पुन्हा गोळा करू. पानवाला आहे, चष्मेवाला आहे, माझी स्कूटी आहे. पुन्हा एक पिशवी भरलीसुद्धा. तर सक्सेना मॅडमनी गेटवरच हात जोडले. "अब बाहर का सामान मत लाइए. कोई पूछेगा कि जो दान में मिला, उसका क्या किया, तो मैं क्या कहूँगी? मैं भी तो किसी के नीचे बैठी हूँ." शुभदा पिशवी घेऊन तशीच परत आली. म्हणजे तोही रस्ता बंद. मला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

शगुफ्ता आता दहावीत होती. बोर्डाचं वर्ष. मुली रोज विचारायच्या, "मैम, झोला?" शुभदा पाठ फिरवून फळ्यावर चित्र काढायची. घरी आली की दिवा न लावता बसून राहायची. तिची मुलगी क्षितिजा फोनवर हिंदीतून बजावायची, "मम्मा, साइन मत करना, प्लीज़." सतीश म्हणायचा, सही केलीस तर जन्मभर इथे हेलपाटे घालशील. मीही तेच म्हणायचे. आम्ही तिघांनी तिला इतकं बजावलं, की ती आमच्याशी बोलेनाशी झाली.

आणि एक दिवस बाईनं कुणाला न विचारता सही केली.

मला सतीशनं सांगितलं, दारात उभं राहून, चप्पल न काढता. लाख फोडून कपाटं उघडली तेव्हा आत उंदरांची घरटी, फुटक्या काचा आणि रिकामी खोकी. कागदावर दोन मायक्रोस्कोप होते, आत एकही नव्हता. एक तराजू होता, त्याला पारडी नव्हती. जे नव्हतं ते सगळं त्या सहीनं शुभदाचं झालं.

मी तरातरा तिच्याकडे गेले. मनात येईल ते बोलले. तुला अक्कल आहे का, सतीशचा विचार केलास का, अकोल्याच्या घरात कोण राहणार, भुतं? ती भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "बोलून झालं? उद्या शाळेत ये. कुलूप उघडलंय." चेहरा इतका उजळला होता, की माझा राग अर्धा तिथेच उतरला. म्हटलं, जाऊ दे, निदान ज्याच्यासाठी केलं ते तरी होईल.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. गेले.

प्रयोगशाळा झाडून पुसून लख्ख केली होती. टेबलावर मंडळाचं नवं सामान, मायक्रोस्कोप, स्पिरिटचे दिवे. शुभदाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. ती एकेक वस्तू कपाटातून काढत होती, बघत होती, ठेवत होती, आणि ठेवल्यावर पुन्हा वळून बघत होती. मुली टेबलाभोवती उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत नुसता आनंद मावत नव्हता. मला वाटलं, चला, जिंकली बाई.

"पहले शगुफ्ता," शुभदा म्हणाली.

शगुफ्तानं दोन्ही हातांनी बीकर उचललं. नवं कोरं, उजेडात चमकणारं. तिनं ते उंच धरलं, त्यातून खिडकीकडे बघितलं आणि हसली. शुभदा म्हणाली, "सँभाल के." बीकर खाली यायच्या आत पुन्हा म्हणाली, "सँभाल के, बेटा!" तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज चढला होता. पोरगी दचकली आणि बीकर हातातून सुटलं.

"हाथ पीछे!" शुभदा किंचाळली. "सब हाथ पीछे! कोई कुछ नहीं छुएगा!"

इतक्या वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. मुलींनी तर नव्हताच. ती फरशीवर गुडघे टेकून काचा गोळा करायला लागली. मी वाकले तर माझा हात बाजूला केला. "नको विनीता, एकही तुकडा इकडेतिकडे जाता कामा नये. तुकडे दाखवावे लागतात, नाहीतर फुटलं कशावरून म्हणतात." बारीक चुरासुद्धा ती बोटानं टिपून वर्तमानपत्रावर घेत होती. बोटाला रक्त आलं होतं, ते मी बघितलं, तिनं नाही.

शगुफ्ता तिच्याशेजारी बसली. रडत नव्हती. हात मागे बांधलेले तसेच ठेवून अगदी समजुतीनं म्हणाली, "मैम, आप परेशान मत होइए. आप करके दिखा दीजिए. हम दूर से देख लेंगे, छुएँगे नहीं."

मी शुभदाकडे बघत राहिले. आता ही उठेल, पोरीला रागावेल, बीकर तिच्या हातात कोंबेल, असं मला वाटत होतं. देवाशपथ वाटत होतं.

शुभदानं वर्तमानपत्राची पुडी बांधली, कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि कुलूप ओढून बघितलं.

"हाँ बेटा," ती म्हणाली. "ऐसा ही करेंगे."

मुली दोन पावलं मागे सरकून भिंतीला लागून उभ्या राहिल्या, आणि तिनं दिवा पेटवला.